ब्रह्मकमळ: आमच्या गच्चीवरचं आणि हेमकुंडच्या वाटेवरचं

गच्चीवरची_बाग
नमस्कार मंडळी. धागा थोडा लांबतोय, सांभाळून घ्या.

नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या घरी ब्रह्मकमळाची कुंडी आहे. नणंदेने अमरावतीहून एक पान ओल्या कागदात गुंडाळून आणलं होतं, त्याला २१ वर्षं झाली. दर पावसाळ्यात फुलतं. कळी उघडायच्या दिवशी मी संध्याकाळीच शेजारी सांगून येते. साडेनऊच्या सुमारास सगळे गच्चीवर जमतात. सासूबाई होत्या तोवर त्या फुलापुढे निरांजन लावायच्या. पहाटेपर्यंत फूल मान टाकतं.

यंदा ऑगस्टमध्ये आम्ही दोघं उत्तराखंडात घांघरियाला मुक्काम करून हेमकुंडला गेलो. शेवटच्या चढाला धुकं होतं आणि दम लागत होता. पायऱ्यांच्या वरच्या अंगाला दगडांमधून गुडघ्याएवढी झाडं उभी दिसली. फिकट पिवळसर, कागदासारखी पानं एकावर एक मिटून कंदिलासारखा आकार झालेला. सोबतचा घोडेवाला मुलगा म्हणाला, "माताजी, ये ब्रह्मकमल है." मी म्हटलं, नाही रे बाळा, ब्रह्मकमळ मला माहीत आहे, माझ्या घरी आहे. त्याने वाद घातला नाही. हलक्या हाताने एक पान बाजूला करून आत दाखवलं. आत जांभळट बारीक फुलांचे गेंद दाटीने बसलेले होते. मग त्याने ते पान परत मिटवलं, अगदी दार लोटावं तसं.

तेव्हापासून मन तिथेच आहे. माझ्या कुंडीतल्या झाडाचं आणि त्याचं नातं काय? आणि तसलं झाड नागपुरात लागेल का? मी काही आणलेलं नाही, तिथून काही आणायचंही नसतं हे ठाऊक आहे. पण समजून घ्यायचं आहे.

पर्णरंध्र
ताई, फार छान लिहिलंत. मी इथल्याच एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. दर पावसाळ्यात हा प्रश्न कोणीतरी विचारतंच.

नातं काहीच नाही. तुमच्या कुंडीतलं झाड निवडुंगाच्या कुळातलं. त्याचं शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्सिपेटॅलम आणि मूळ घर मेक्सिको व मध्य अमेरिका. तिथल्या दमट जंगलात ते मोठ्या झाडांच्या बेचक्यांत वाढतं. नणंदबाईंनी आणलं ते पान नव्हतंच, ते चपटं खोड. म्हणून तर ते मातीत खोचलं की मुळं धरतं आणि कळी त्याच्या कडेतून फुटते. निवडुंगांच्या रीतीप्रमाणे ते पानावरची, म्हणजे इथे खोडावरची, रंध्रं मुख्यतः रात्री उघडतं. दिवसा उन्हात पाणी उडू नये यासाठीची ही सोय आहे. आपल्या मे महिन्यात सावलीला ठेवलं तर ते तग धरतं ते यामुळेच. फूल रात्री उमलतं, कारण त्याच्या मूळ गावी परागीभवन करणारे पतंग रात्री फिरतात.

तुम्ही हेमकुंडच्या वाटेवर पाहिलंत ते सॉसुरिया ओब्वालाटा. ते सूर्यफूल-शेवंतीच्या कुळातलं, आणि उत्तराखंडचं राज्यफूलही तेच. तो कंदील पाकळ्यांचा नाही. फुलांच्या गेंदांना वेढणारी ती पानं आहेत, त्यांना छद म्हणतात. त्यांतून उजेड आत जातो पण वारा आणि पाऊस बाहेर राहतो. आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार राहते, पराग भिजत नाहीत, आणि गारठलेल्या कीटकालाही आत थांबावंसं वाटतं. त्या मुलाने पान परत मिटवलं हे वाचून मला फार बरं वाटलं. त्याला ठाऊक होतं.

याच युक्तीचा मोठा नमुना पाहायचा तर सिक्कीमच्या बाजूला ४,००० मीटरच्या वर रेवंदचीनीची एक भाऊबंद आहे, रियम नोबिले. उघड्या डोंगरउतारावर पुरुषभर उंचीचा फिकट पिवळा मनोरा. तिची छदं दिसणारा उजेड आत सोडतात आणि अतिनील किरण बरेचसे अडवतात. कित्येक वर्षं ती नुसती पानं काढते, मग एकदाच फुलते आणि मरते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नागपुरात लागणार नाही. कारणं उद्या लिहितो, आज तपासायचे पेपर आहेत.

काटोल_बागाईतदार
सर, मी काटोलकडचा. संत्र्याची बाग आहे. कारणं लिहाल तेव्हा एक गोष्ट ध्यानात घ्या.

आमच्याकडे आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारा फुलोरा, धरायचा तर झाडाले थंडीचा ताण बसावा लागते. मृगाचा, म्हणजे पावसाळ्यातला, धरायचा तर उन्हाळ्यात पाणी तोडून ताण द्यावा लागते. ताण नाही बसला तर झाड हिरवंगार दिसते, पण फूल देत नाही. शिकलेला माणूस म्हणते झाडाले त्रास कशाले देता. पण तो त्रास नाही, ते त्याचं घड्याळ आहे. तर या हिमालयातल्या झाडाले बी असंच काही लागत असंल काय? अन् एसीच्या खोलीत ठेवलं तर जमंल काय?

पर्णरंध्र
काटोलकर दादा, तुम्ही धाग्याचं अर्धं उत्तर एका परिच्छेदात दिलंत.

आधी हिशेब मांडू. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर. हे झाड साधारण ४,००० मीटरच्या आसपास राहतं. दर हजार मीटरला हवा ६ ते ६.५ अंशांनी थंडावते, म्हणजे फरक झाला २२ ते २४ अंशांचा. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के, त्यामुळे झाडाला लागणारा कार्बन डायऑक्साइडही तितकाच विरळ. ऊन मात्र प्रखर आणि अतिनील किरण जास्त. भर उन्हाळ्यातही रात्री गोठू शकतं. वाढीला मिळतात जून ते सप्टेंबरमधले काही आठवडे, बाकी वर्ष बर्फाखाली.

बर्फाखाली म्हटलं की आपल्याला ती शिक्षा वाटते. खरं उलट आहे. बर्फाचा जाड थर हे पांघरूण असतं. बाहेर उणे वीस असताना बर्फाखालची जमीन शून्याच्या आसपास राहते. ज्या कड्यावरचा बर्फ वाऱ्याने उडून जातो तिथल्या झाडांचे हाल जास्त.

आता ताणाचं. उंचावरच्या कित्येक झाडांचं बी थंड, ओल्या जमिनीत काही महिने काढल्याशिवाय रुजत नाही. शरद ऋतूतल्या एखाद्या उबदार दिवशी रुजून पुढच्या आठवड्यात गोठून मरू नये, म्हणून ते कुलूप. आणि कळ्यांचं तर फारच नवल आहे. फुलायला मिळालेल्या त्या थोड्या आठवड्यांत कळी घडवण्यापासून सुरुवात करणं परवडत नाही, म्हणून पुष्कळ जाती आदल्या वर्षीच कळी तयार करून जमिनीलगत जपून ठेवतात. बिस्टॉर्टा व्हिव्हिपारा नावाचं एक छोटं झाड हिमालयातही आहे. त्याचं पान किंवा फुलाचा दांडा सूक्ष्म अंकुरापासून पूर्ण होईपर्यंत ४ वर्षं लागतात. यंदा दिसणारं फूल त्याने ४ वर्षांपूर्वी मांडायला घेतलेलं असतं. शिवाय त्याच दांड्यावर खालच्या बाजूला ते छोटे कंद धरतं. कीटक फिरकलेच नाहीत तर ते कंद गळून रुजतात.

एसीबद्दल: लंडनच्या क्यू उद्यानात २००६ साली अल्पाइन, म्हणजे उंच डोंगरावरच्या, वनस्पतींसाठी खास काचघर उघडलं. ते झाडांना ऊब देण्यासाठी नाही, गार ठेवण्यासाठी आहे. जमिनीखालच्या काँक्रीटच्या भुयारातून गार हवा सतत खेळवतात. लंडनच्या उन्हाळ्यालाही एवढं करावं लागतं. आपल्या मेमध्ये रात्रीही पारा ३० च्या आसपास घुटमळतो, आणि खरा घात तिथेच आहे. दिवसा झाड जे अन्न करतं त्यातलं रात्री श्वसनात किती जळायचं हे तापमानावर ठरतं. गार रात्रींसाठी घडलेलं झाड गरम रात्री आपली पुंजीच जाळत बसतं. त्यात पावसाळ्याची उबट ओल आली की मुळं कुजतात. एसीने हवा गार होईल, पण ते ऊन, तो वारा आणि कित्येक महिन्यांचं बर्फाचं पांघरूण एसी कुठून आणणार?

उंचसखल
पर्णरंध्र सरांना पुस्ती जोडतो. मी दोनदा लडाखला गेलोय. चांगथांगच्या बाजूला पाच हजार मीटरच्या आसपास जमिनीवर हिरवे गोल दगड दिसतात. जवळ गेलं की कळतं, ते झाड आहे. थायलॅकोस्पर्मम नाव. हजारो बारीक फांद्या एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या की वर हात ठेवला तर टणक लागतं, बोट आत जात नाही. बोचऱ्या वाऱ्यात उभा होतो, कान दुखत होते, आणि त्या झाडावर तळहात ठेवला तर ते ऊन खाल्लेल्या पायरीसारखं कोमट होतं. तो स्पर्श मी विसरलो नाही.

सर, एवढ्या वर मोठी झाडं का नसतात? भूर्जपत्राची झाडं एका उंचीपर्यंत दिसतात आणि मग रेघ मारावी तशी संपतात.

पर्णरंध्र
फार नेमका प्रश्न. त्या रेघेला वृक्षरेषाच म्हणतात.

पूर्वी असं वाटायचं की थंडीत झाडाला अन्न करता येत नाही, ते उपाशी मरतं. तसं नाही. वृक्षरेषेवरच्या झाडांच्या अंगात साखर-पिष्ट पुरेसं सापडतं. अडतं ते बांधकाम. तापमान ५ अंशांच्या खाली गेलं की पेशी विभागणं, लाकूड घालणं जवळजवळ थांबतं. घरात सिमेंट-विटा पडून आहेत पण गवंडी गारठून बसला आहे, अशी स्थिती. ख्रिस्तियन कॉर्नर या शास्त्रज्ञाने जगभरच्या वृक्षरेषा तपासल्या. वाढीच्या हंगामातलं सरासरी तापमान सहा-साडेसहा अंशांच्या आसपास आलं की झाडं संपतात, मग तो हिमालय असो की आल्प्स.

उंच झाडाचा शेंडा वाऱ्यात असतो, म्हणून त्याला हवेचंच तापमान भोगावं लागतं. तुम्ही हात ठेवलात ते झाड जमिनीला चिकटून आहे. वारा त्याच्या अंगावरून निसटतो आणि ऊन आत साठतं. निरभ्र दिवशी अशा गादीचं तापमान हवेपेक्षा वीसेक अंशांनीही जास्त भरतं. म्हणजे हवामान केंद्र ५ अंश सांगत असताना ते झाड प्रत्यक्षात आपल्या नागपूरच्या जानेवारीतल्या दुपारी राहत असतं. त्याने स्वतःपुरती हवा बदलून घेतली आहे. अशाच गादीसारख्या वाढणाऱ्या अरेनेरिया ब्रायोफायला या जातीची नोंद एव्हरेस्टच्या परिसरात ६,१८० मीटरवर झाली आहे.

आपण या झाडांना बिचारी म्हणतो, मला ते पटत नाही. त्यांना आपल्या गावी थंडी वाजत नाही. उपऱ्याला वाजते.

तेलंगखेडी_सकाळ
रोज सकाळी तेलंगखेडीकडे फिरायला जातो. एक शंका. लोकरीसारखी पानं थंडीसाठी असतात असं वाचलंय. पण आपल्या रुईच्या पानालाही पांढरी लव असते. शनिवारी मारुतीला माळ घालतो तेव्हा बोटांना लागते. रुई तर भर उन्हात, उकिरड्यावरसुद्धा मजेत असते. मग लव नक्की कशासाठी?

पर्णरंध्र
सुंदर निरीक्षण. अवयव एक, कामं अनेक.

रुईची लव आणि मेण ऊन परतवतात आणि पानाभोवती हवेचा स्थिर थर धरून पाणी वाचवतात. आल्प्समधल्या एडलवाइस या रानफुलाची लोकर अतिनील किरण शोषून पेशींना सांभाळते. आणि हेमकुंडच्याही वरच्या दगडधोंड्यांत ब्रह्मकमळाचंच एक भावंड राहतं, फेनकमळ. ते म्हणजे कापसाचा गोळाच. वर एक छोटं भोक, त्यातून कीटक आत शिरतात. तिथे लोकर ऊब धरते आणि पाऊस अडवते.

उलटही घडतं. वेगळी घराणी, वेगळे खंड, पण अडचण एक असेल तर उपाय सारखा निघतो. विषुववृत्तावर केनिया पर्वतावर ऋतू जवळजवळ नाहीत. ओलोव्ह हेडबर्ग या स्वीडिश अभ्यासकाने तिथलं वर्णन केलं ते असं, की रोज दिवसा उन्हाळा आणि रोज रात्री हिवाळा. तिथला डेन्ड्रोसेनेशिओ माणसाहून कितीतरी उंच वाढतो. संध्याकाळ झाली की शेंड्याची पानं मिटून कोंब झाकतो आणि वाळलेली पानं न टाकता खोडाभोवती गोधडीसारखी ठेवतो. समुद्रापलीकडे, अँडीजमध्ये, एस्पेलेटिया अगदी तेच करतो. त्यांची एकमेकांशी गाठ कधी पडली नाही. मात्र ही दोन्ही आणि ब्रह्मकमळ शेवंतीच्याच मोठ्या कुळातली. या कुळाला उंचीची ओढ आहे असं मला नेहमी वाटतं.

बीएस्सी_दुसरं_वर्ष
सर, माझा मूळ गोंधळ वेगळा आहे. झाड तिथे राहून तसं होतं की मुळातच तसं असतं? आंबाझरीच्या काठचं एखादं रोप उचलून वर नेलं तर ते बुटकं होईल ना? मग त्याला अनुकूलन म्हणायचं का?

पर्णरंध्र
हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

१८८० च्या दशकात फ्रान्समध्ये गॅस्टन बॉनिए याने एकाच झाडाचे तुकडे करून काही मैदानात आणि काही आल्प्स-पिरेनीजवर लावले. वरचे बुटके झाले, पानं जाड झाली. इथवर ठीक. पण त्याने पुढे दावा केला की मैदानी जाती वर जाऊन खऱ्याखुऱ्या डोंगरी जातीच बनल्या. इतरांना तसं पुन्हा आढळलं नाही. त्याच्या वाफ्यांत शेजारची डोंगरी झाडं शिरली असावीत.

मग स्वीडनच्या गोटे टुरेसनने उलटी वाट धरली. वेगवेगळ्या ठिकाणची एकाच जातीची झाडं आणून एका बागेत शेजारी शेजारी लावली. माती, पाणी, हवा एकच, तरी समुद्रकाठचं झाड लोळणच राहिलं आणि रानातलं उंच. म्हणजे फरक बीजात होता. १९२२ मध्ये त्याने अशा स्थानिक वाणांना नाव दिलं, इकोटाइप.

सगळ्यांत सुंदर काम कॅलिफोर्नियातलं, क्लॉसन, केक आणि हायसी या तिघांचं. समुद्राजवळ ३० मीटरवर एक बाग, मध्ये १,४०० मीटरवर दुसरी आणि वृक्षरेषेपाशी ३,०५० मीटरवर तिसरी. एकाच झाडाचे तुकडे तिन्ही बागांत. काटोलकर दादा, कलमासारखंच, म्हणजे बीज तंतोतंत तेच. पोटेन्टिला या रानफुलाच्या खालच्या झाडाचे तुकडे वरच्या बागेत हिवाळा काढू शकले नाहीत. आणि वरच्या झाडाचे तुकडे समुद्रकाठी लावले तर तिथे थंडी जेमतेम असूनही हिवाळ्यात झोपी गेले. खालचं झाड बारा महिने वाढायला मोकळं होतं, पण याला आतून निरोप होता की आता निजायची वेळ. यातलं पहिलं पुस्तक १९४० सालचं. मी दरवर्षी वर्गात त्यातल्या रोपांची चित्रं दाखवतो.

तेव्हा तुझं उत्तर असं: आंबाझरीचं रोप वर नेलं तर तेच रोप काही अंशी बुटकं होईल. ती लवचीकता. परत खाली आणलं तर परत वाढेल. पण वरच्या झाडांच्या पिढ्यानुपिढ्यांतून बुटकेपणा, लवकर झोपणं, गोठताना पेशीतलं पाणी बाहेर सोडून आत साखर साठवणं हे ज्यांच्या बीजात होतं ती उरली, बाकीची गेली. ते अनुकूलन. एकच झाड दोन्ही गोष्टी बाळगून असतं, म्हणून गोंधळ होतो. वेगळं करायचं तर एका बागेत शेजारी लावून पाहणं हाच मार्ग.

उंचसखल
आणि याला वेळ किती लागतो?

पर्णरंध्र
कधी कधी थक्क व्हावं इतका कमी. अँडीज उंचावत गेला तशा तिथे नव्या थंड जागा मोकळ्या झाल्या, आणि ल्युपिन या शेंगा धरणाऱ्या झाडाच्या ८० च्या आसपास जाती साधारण १२ ते १८ लाख वर्षांत घडल्या. डोंगर हा बेटांसारखा असतो. एका शिखरावरचं बी दुसऱ्यावर सहज पोचत नाही, मधली दरी त्याच्यासाठी समुद्रच. दुसरीकडे चीनच्या नैर्ऋत्येचे हेंगदुआन पर्वत. तिथली अल्पाइन वनस्पतीसृष्टी सुमारे ३ कोटी वर्षांपासून जमत आली आहे.

आपल्या सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात मोहगाव कलानला, म्हणजे आपल्या शेजारच्या छिंदवाड्यात, ताडाच्या कुळातल्या झाडांचे जीवाश्म मिळतात. तेव्हा हिमालय नव्हताच. इथे ताड डोलत होते तेव्हा ब्रह्मकमळाला राहायला जागाच तयार झाली नव्हती.

मनीषनगर_कुंड्या
हे सगळं वाचून एक कबुली द्यावीशी वाटते. तीन वर्षांपूर्वी डोंगरातल्या एका रस्त्याकडेच्या दुकानातून मी "ब्रह्मकमळाचा कंद" म्हणून विकत आणला होता. दुकानदाराने सांगितलं फ्रीजमध्ये ठेवा आणि मग लावा. फ्रीजमध्ये ठेवला, मार्चमध्ये लावला, हिरवी जाळी बांधली, माठातलं पाणी घातलं. दोन पानं आली तेव्हा घरात सगळ्यांना हाका मारून दाखवली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ती पानं मऊ पडली आणि बुंधा बोटाने दाबला तर कुजलेला. मी समजत होते, माझी निगा कमी पडली. आज कळलं की त्याला मी काहीच देऊ शकले नसते. आणि तो कंद कुठल्या तरी उतारावरून उपटलेला होता, हे मनात आलं की फार वाईट वाटतं.

गच्चीवरची_बाग
अगं, वाईट वाटून घेऊ नकोस. दोन पानं आली म्हणजे तू जीव लावला होतास. आपल्याला कोणी सांगितलं नाही, एवढंच.

पण पर्णरंध्र सर, मग हे विचारते. तिकडे नंदाष्टमीला ही फुलं देवीला वाहतात, ती परंपरा आहे, त्यांची आहे. पण आता विकायला, औषधाला, आठवण म्हणून न्यायलाही तोडतात. याचा झाडावर काही परिणाम होतो का? संख्या कमी होते ते कळतं, पण झाड बदलतं का?

पर्णरंध्र
बदलतं. आणि ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा रात्री बराच वेळ झोप आली नव्हती.

ब्रह्मकमळाचीच एक बहीण, सॉसुरिया लॅनिसेप्स, पूर्व हिमालयात आणि तिबेटच्या बाजूला औषधासाठी खुडतात. खुडणारा मोठं, उंच फूल निवडतो, आणि ते बी धरण्याआधीच जातं. बुटकी मागे राहतात आणि त्यांचंच बी पडतं. वनस्पतिसंग्रहालयांत जपलेले शंभर वर्षांतले नमुने मोजले तेव्हा झाडाची उंची सतत घटत आलेली दिसली. शेजारीच वाढणारी, पण फारशी न खुडली जाणारी दुसरी जात तशी घटली नव्हती. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला.

दुसरी गोष्ट हेंगदुआनमधल्या फ्रिटिलेरिया डेलाव्हेयीची. तिच्या कंदाला औषध म्हणून मोठी मागणी. जिथे माणसं सहज पोचत नाहीत तिथे तिची पानं हिरवी, लांबून दिसणारी. जिथे कंद खूप काढतात तिथे पानं करडी-तपकिरी, भोवतालच्या दगडांच्या रंगाची. हे २०२० मध्ये मोजमापासह मांडलं गेलं. चरणाऱ्या जनावरांमुळे हे झालं असावं असा पुरावा मिळाला नाही. ती माणसापासून लपते आहे.

थंडी, वारा, अतिनील किरण यांना तोंड देत जी झाडं घडली, त्यांच्यावर आता आपला हातही तसाच काम करतो आहे.

काटोल_बागाईतदार
सर, हे वाचून मले आमच्या बोराची आठवण आली. बांधावरची गोड बोरं पोरं पहिले संपवतात, आंबट राहते. त्याचंच बी पडते. आज्जी म्हणे, दोन झाडं मुद्दाम ठेवा, हात नका लावू. आम्ही ठेवत होतो. आता बांधच राहिले नाहीत.

अन् गरमी वाढून राहिली, तिचं काय? आमच्या आंबियाची थंडीच मागेपुढे होऊन राहिली.

पर्णरंध्र
तिकडेही तेच. युरोपातल्या ३०२ शिखरांवरच्या जुन्या-नव्या याद्या ताडून पाहिल्या, तर खालच्या जाती वर सरकत आहेत आणि अलीकडे जास्त वेगाने. जर्मन निसर्ग-अभ्यासक हंबोल्ट १८०२ मध्ये अँडीजमधल्या चिंबोराझोवर चढला होता. त्याच्या नोंदींशी ताडलं तर तिथेही झाडं बरीच वर गेलेली दिसली. पायथ्याच्या झाडाला वर जायला जागा असते. शिखरावरच्याला नसते. खालून उंच, जोमदार झाडं आली की त्या बुटक्या गादीवर सावली पडते, आणि तिचं सगळं गणित उन्हावर बसवलेलं असतं.

दादा, ती दोन झाडं ठेवायची गोष्ट मी उद्या वर्गात सांगणार आहे. आज्जींचं म्हणून सांगेन.

बीएस्सी_दुसरं_वर्ष
सर, आपल्याकडे टुरेसनसारखं काही करून पाहता येईल का? चिखलदऱ्याची उंची सुमारे १,१०० मीटर आहे. तिथलं आणि इथलं एकाच जातीचं गवत घेऊन दोन्हीकडे लावलं तर?

पर्णरंध्र
येईल. आठशे मीटरचा फरक म्हणजे पाच अंश. मात्र मेळघाटच्या राखीव जंगलातलं काही घ्यायचं नाही. गावाजवळच्या खाजगी शेताच्या बांधावरचं घ्यायचं, मालकाला विचारून. कुसळी गवतापासून सुरुवात कर. प्रत्येक ठिकाणचे निदान वीस ठोंब, आणि दोन पावसाळे धीर धरायचा. सोमवारी येऊन भेट, मधल्या सुट्टीत.

काटोल_बागाईतदार
पोरा, काटोलकडं लावायचं असंल तर माझ्या बांधावर जागा देतो. पाणी बी घालीन. मधला टप्पा होईल तुझा.

गच्चीवरची_बाग
मंडळी, आज कुंडीत तीन कळ्या माना वर करून आहेत. साडेनऊ-दहाला उघडतील. धरमपेठेत जवळपास कोणी असेल तर जरूर या. मनीषनगरच्या ताई, तुम्ही तर याच, येताना ओला कागद आणा, एक चपटं खोड काढून ठेवलंय तुमच्यासाठी. हे नागपुरात नक्की लागतं.

कुंडीला पाटी लावली आहे. वर "ब्रह्मकमळ" राहू दिलं, सासूबाई तेच म्हणायच्या. खाली एपिफायलम, मेक्सिको असं लिहिलं. आणि हेमकुंडचा फोटो मोठा करून जिन्यात लावलाय, त्या मुलाचा हात त्यात दिसतो, पान मिटवताना.